महाबलीने तपासलेला अर्ज

विलासिनीअम्माला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण सरकारी कागद कळायचा. तिरुवनंतपुरमच्या एका मोठ्या कचेरीत एकतीस वर्षं शिपाई म्हणून काढल्यावर कळणारच. कागदाचा रंग, कोपऱ्यातला शिक्का आणि सही करणाऱ्याने पेन किती दाबलंय, एवढ्यावर ती सांगायची की हा कागद आठवड्यात हलेल की पुढच्या ओणमपर्यंत इथेच अंडी उबवत बसेल. त्यामुळे वकीलबाईंनी सरकारचं चौदा पानी प्रतिज्ञापत्र टेबलावर ठेवलं, तेव्हा तिने ते उचलून आधी प्रत्येक पानाचा तळ पाहिला.

"हे घाईत केलंय," ती म्हणाली.

"कशावरून अम्मा?" जिस्मी वर्कीने विचारलं.

"सगळ्या सह्या एका दमात मारल्यात. नवव्या पानापासून शाई संपत आलीय, तरी पेन बदललेलं नाही. वाचत वाचत सही करणारा माणूस मध्ये कुठेतरी थांबतो गं."

जिस्मी हसली. तिशीही न गाठलेली, एर्नाकुलमच्या हायकोर्टात चार वर्षं झालेली पोर. तिचं ऑफिस एका बेकरीच्या वर होतं, त्यामुळे तिथे बसून कुठलंही दुःख सांगा, त्याला ताज्या पावाचा वास यायचा. विलासिनीअम्मा गावाहून लाल बसने पाच तास हाडं खिळखिळी करून यायची आणि जिन्यात पोचली की तिला आधी भूक लागायची. पोरगा तुरुंगात असताना भूक लागते याचा तिला राग यायचा, पण लागायची खरी.

पोरगा म्हणजे शिजुलाल. वय एकतीस, धंदा मालाची रिक्षा. तीन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर समुद्रावर गांजाची विडी ओढताना सापडला, दंड भरून सुटला. मागल्या वर्षी त्याच्या रिक्षातल्या एका पार्सलात एमडी या नशेच्या पावडरीच्या पुड्या निघाल्या. खटला उभा राहिला, जामीन मिळाला, दर सोमवारी ठाण्यात जाऊन हजेरीची सही करू लागला. इथपर्यंत विलासिनीअम्माला सगळं समजत होतं. मग ऑगस्टमध्ये एका दुपारी पोलीस आले आणि नवा काहीही गुन्हा नसताना त्याला उचलून थेट त्रिशूरकडच्या तुरुंगात घेऊन गेले. एक वर्षासाठी.

"या कायद्यात केलं म्हणून नाही धरत, अम्मा," जिस्मीने पहिल्याच भेटीत समजावलं होतं. "पुन्हा करील म्हणून धरतात. खटला नाही, साक्षीदार नाही, पुरावा तपासणं नाही."

"म्हणजे फणस डोक्यात पडेल म्हणून झाडालाच कोंडून ठेवायचं?"

"तसंच काहीसं. म्हणून कायदा म्हणतो, निदान आतल्या माणसाने अर्ज केला तर तो ताबडतोब वाचा. एक दिवसही उगाच पडू देऊ नका. पडू दिलात तर का, ते सांगा. नाही सांगता आलं, तर माणूस सुटतो."

शिजूने अर्ज केला होता. तुरुंगात बसून, स्वतःच्या हाताने, मल्याळममध्ये, अडीच पानं. तुरुंगवाल्यांनी तो त्याच दिवशी राजधानीला धाडला. आणि तिथून नकार यायला लागले सव्वीस दिवस. या सव्वीस दिवसांचा हिशेब म्हणजे टेबलावरची ती चौदा पानं. आईच्या नावाने हायकोर्टात याचिका होती आणि सगळी मदार या हिशेबात भोक सापडण्यावर होती. सापडलं तर शिजू बाहेर. नाही सापडलं तर पुढच्या ऑगस्टपर्यंत आत.

"सुट्ट्यांबद्दल कोर्ट काही म्हणत नाही," जिस्मी म्हणाली. "साहेब दौऱ्यावर होते, तेही पोटात घालतं. आणि यांनी एकेक दिवस भरलाय, फट म्हणून नाही. ऐका हं. बुधवार, तुरुंगातून अर्ज मिळाला. गुरुवार, संबंधित विभागाकडे सोपवला. शुक्रवार, विभागातले सहायक श्री. सुगुणन यांनी अर्जाची तपशीलवार छाननी करून टिपण सादर केलं. शनिवारपासून ओणमच्या नऊ दिवस सुट्ट्या..."

विलासिनीअम्मा हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून, आणि शेवटी पदर तोंडाशी धरून.

"काय झालं?"

"ओणमच्या आधीचा शुक्रवार ना हा? सुगुणनने छाननी केली? अगं मोळे, पोरी, त्या दिवशी सुगुणन महाबली होता."

जिस्मीला हे सांगायची गरज नव्हती. सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा कामाचा दिवस म्हणजे कामाचा नसतोच, हे त्या राज्यातलं शेंबडं पोरही जाणतं. बायका सोनेरी काठाच्या साड्या नेसून येतात, दारात फुलांची रांगोळी, अंगणात रस्सीखेच, आणि दुपारी टेबलं जोडून केळीच्या पानांवर जेवण. मध्ये महाबली फिरतो. बळीराजा वर्षातून एकदा प्रजेची विचारपूस करायला येतो, आणि कचेरीत तो मान सगळ्यात मोठं पोट असणाऱ्याला मिळतो. सुगुणनच्या पोटाला अकरा वर्षं स्पर्धा नव्हती.

"पण तुम्हाला कसं ठाऊक, याही वर्षी तोच होता?"

"मी होते ना तिथे. निवृत्त लोकांनाही बोलावतात. फोटो आहेत, सगळ्यांनी ग्रुपवर टाकलेले, थांब." हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणत तिने पिशवीतून फोन काढला.

खरं तर ती जेवायला गेलीच नव्हती. पोरगा आत जाऊन दोन आठवडे झाले होते, ओणमचं नावही नको वाटत होतं. ती गेली होती शब्द टाकायला. तो विभाग तिचाच जुना विभाग होता, आणि आता तिथली मुख्य होती गिरिजाकुमारी, जिच्याबरोबर तिने एकोणीस वर्षं एका डब्यात जेवण केलं होतं. गिरिजा तिला चेची, म्हणजे ताई म्हणायची; ती तिला बाजूला घेऊन म्हणाली होती, "चेची, टपाल अजून आलेलं दिसत नाही. आलं की सगळ्यात वर ठेवीन, बस्स? आता आलाच आहात तर जरा हात लावा. या नव्या पोरींना पान कसं मांडायचं तेही कळत नाही." आणि विलासिनीअम्माने पदर खोचला होता.

फोटो एकापाठोपाठ एक सरकत गेले. फुलांची रांगोळी. रस्सीखेचीत मागे पडलेली गिरिजा. मग सुगुणन, सोनेरी कागदाचा मुकुट, काजळाच्या मिश्या, हातात ताडाच्या पानांची छत्री, आणि तोंडात केळ्याचे वेफर्स.

"अय्यो," जिस्मी म्हणाली. "हा बघा छाननी करतोय." आणि ती इतकी मोठ्याने हसली की खालून बेकरीवाल्याने वर पाहिलं.

पुढचा फोटो जेवणाचा होता. टेबलांची लांब रांग, हिरवी पानं, वाढप्यांची धांदल, आणि एका टोकाला मुकुटासकट सुगुणन, अजून वेफर्स खात. मागे भिंतीशी एक लोखंडी कपाट उघडं होतं आणि त्याच्यापुढे एक बाई पाठमोरी वळत होती, कमरेवर निळा प्लास्टिकचा ट्रे घेऊन. जिस्मीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. ट्रेमध्ये टपालाचा गठ्ठा होता. सगळ्यात वर एक जाड खाकी पाकीट होतं आणि त्यावर जांभळा गोल शिक्का.

जिस्मीचं हसू थांबलं. तिने आपल्या फायलीतून तुरुंगाच्या जावक पावतीची झेरॉक्स काढली, पाकिटावरच्या चिठ्ठीतले आकडे त्याच्याशी ताडून पाहिले, पुन्हा पाहिले.

"अम्मा, हा शिजूचा अर्ज आहे. न उघडलेला. शुक्रवारी दुपारी." तिचा आवाज चढला. "ही बाई कोण? हिला शोधायला हवं. हिची साक्ष मिळाली तर..."

ती बोलता बोलता थांबली, कारण विलासिनीअम्मा हसत नव्हती.

"ती साडी माझी आहे," ती म्हणाली.

कुणी सांगितलंही नव्हतं. जेवायला टेबलं मोकळी करायची, तर टपालाचा ट्रे कुठेतरी ठेवायला हवा. दुसरं कुणी असतं तर खुर्चीखाली सरकवला असता. विलासिनीअम्माने एकतीस वर्षांच्या सवयीने तो उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली गिरिजाच्या पर्समध्ये टाकली. मग नऊ दिवस कचेरी बंद. गेली ती शब्द टाकायला, आणि आली पोराचा अर्ज स्वतःच्या हाताने कोंडून. त्या दिवशी तिने दोन वाट्या पायसमही खाल्लं होतं, आणि ते चांगलं झालं होतं. तिला रडू आलं नाही. लाज वाटली, कानाच्या पाळीपर्यंत.

"हे कोर्टात द्यायचं म्हणजे," तिने फोन पालथा ठेवून विचारलं, "शिजूला कळेल?"

"निकालात छापून येईल अम्मा."

"आणि गिरिजाला?"

"त्यांना जाब विचारतील. खोटी तारीख त्यांच्या विभागाने भरलीय." जिस्मीने पाण्याचा ग्लास पुढे केला. "पण त्यांना आधी सांगू नका हं. मुळीच नाही. कपाट, ट्रे, फोटो, सगळं गायब होईल."

"बरं," विलासिनीअम्मा म्हणाली, आणि रविवारी सकाळी ती गिरिजाच्या दारात उभी राहिली.

आता याला कुणी मूर्खपणा म्हणेल. जिस्मीने नंतर म्हटलंच. पण आपलेच दात नि आपलेच ओठ. याच गिरिजाने विलासिनीअम्माचे पेन्शनचे कागद अकरा दिवसांत पार केले होते, जिथे माणसं अकरा महिने खेटे घालतात. तिच्या पाठीत सुरी घालायची तर निदान समोरून तरी घालावी, असा म्हातारीचा हिशेब.

गिरिजाने फोटो पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला, आणि गॅस बारीक केला.

"चेची, माझी निवृत्ती मार्चमध्ये आहे."

"ठाऊक आहे."

"चौकशी लागली तर सगळं अडकेल. तारखा काय, सगळेच भरतात. रिकामा दिवस दिसला की वरचे ओरडतात, म्हणून भरतो. गेल्या वर्षीचा नमुना समोर ठेवायचा नि दिवस बदलायचे. तुम्हाला का हे नवीन आहे?"

"नाही गं. कितीदा मीच शाईची बाटली आणून दिलीय. तेव्हा कधी वाटलं नाही की त्या रिकाम्या दिवसात कुणीतरी बसलेलं असतं."

गिरिजाला राग आला. आल्याचं तिने लपवलंही नाही. "मोठ्या आल्यात शहाणपण शिकवायला. कुलूप तुम्ही लावलंत. आणि तुमचा शिजू काय देवळातला पुजारी आहे? त्या पार्सलात काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं? सांगा ना मला, तुम्ही आई आहात."

विलासिनीअम्माने तोंड उघडलं. वर्षभर ती सगळ्यांना उत्तर देत आली होती, शेजाऱ्यांना, नणंदेला, रेशनच्या दुकानातल्या बायकांना: माझा पोरगा भोळा आहे, त्याला काय ठाऊक. पण गिरिजासमोर तिला खोटं बोलता येईना.

"मी विचारलं नाही," ती म्हणाली.

"वर्षभरात?"

"कुणीच विचारलं नाही. पोलिसांनी नाही, ही कोंडाकोंडी तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या साहेबांनी नाही. सगळे तारखाच विचारतात. मग मीही नाही विचारलं. भीती वाटते गं."

गिरिजाने दोन पेल्यांत चहा ओतला. दोघी ओट्याशी उभ्या राहूनच प्यायल्या, जुन्या सवयीने. पेला विसळून पालथा घातल्यावर गिरिजा म्हणाली, "द्या तो फोटो. मी अडवणार नाही, कपाटालाही पाय फुटणार नाहीत. फक्त रस्सीखेचीचा देऊ नका. माझी साडी गुडघ्याच्या वर गेलीय त्यात."

सुनावणी नोव्हेंबरात लागली. दोन न्यायाधीश होते, एक वयस्क, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून त्यावरून बघणारे, आणि एक बाई, ज्या फारशा बोलत नव्हत्या आणि सगळं लिहून घेत होत्या. विलासिनीअम्मा मागच्या बाकावर बसली. इंग्रजी बोलणं तिच्या डोक्यावरून जात होतं, पण कोण दमतंय नि कोण कंटाळतंय ते तिला कळत होतं.

जिस्मीने फोटो पुढे केला. वयस्क न्यायाधीशांनी तो हातात धरून बराच वेळ पाहिला.

"हे मुकुटवाले कोण?"

"श्री. सुगुणन, मायलॉर्ड. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे या वेळी ते अर्जाची तपशीलवार छाननी करत आहेत."

कोर्टात खसखस पिकली. वाट बघत बसलेले वकील मान उंच करून पाहू लागले. "महाबली प्रजेचं गाऱ्हाणं ऐकायला येतो असं आम्ही लहानपणी ऐकलं होतं," न्यायाधीश म्हणाले. "यांच्या शेजारीच गाऱ्हाणं आहे आणि हे वेफर्स खात आहेत."

बाई न्यायाधीशांनी वर न पाहता विचारलं, "ट्रे घेतलेली ही स्त्री कोण?"

जिस्मीने मागे वळून खूण केली. विलासिनीअम्मा उठली. तिने पिशवी उगाचच पोटाशी धरली होती. बाईंनी इंग्रजी सोडून तिला थेट मल्याळममध्ये विचारलं.

"तुम्ही?"

"मी, मॅडम. मीच आई आहे त्याची."

आता कुणी हसलं नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं कपाटात ठेवायला?"

"नाही मॅडम. टपाल उघड्यावर टाकून जेवायला बसायचं नसतं. सांबार सांडतं."

"पाकीट कुणाचं आहे ते पाहिलं नाहीत?"

"नाही." ती म्हणाली. "मला वाटलं, कुणाचा तरी महत्त्वाचा कागद असेल. म्हणून कुलूप लावलं."

सरकारी वकील तडफदार माणूस होता. त्याला एकदम वाट दिसली आणि तो उठून उभा राहिला. "मायलॉर्ड, हे फार महत्त्वाचं आहे. म्हणजे याचिकाकर्तीनेच स्वतःच्या हाताने अर्ज कुलूपबंद केला. नऊ दिवस तो कपाटात पडून राहिला तो हिच्यामुळे. आईने केलेल्या उशिराचा फायदा मुलाला कसा मिळेल?"

विलासिनीअम्माला शब्द कळले नाहीत, पण त्या माणसाचं बोट तिच्याकडे होतं आणि जिस्मीचा चेहरा उतरला होता. म्हातारीच्या मनात आलं, संपलं. दोनदा कोंडलं मी पोराला. एकदा कपाटात, एकदा इथे.

वयस्क न्यायाधीशांनी चष्मा काढला. "म्हणजे शुक्रवारी अर्ज कपाटात होता, असं सरकारचं म्हणणं आहे?"

"अर्थातच, मायलॉर्ड. फोटोच आहे."

"न उघडलेला?"

सरकारी वकील "अर्था" एवढं म्हणाला आणि थांबला.

"तुमच्या प्रतिज्ञापत्राप्रमाणे त्या वेळी तो सुगुणन यांच्या टेबलावर होता आणि त्यांनी तो तपशीलवार वाचला. आता तुम्ही म्हणता कपाटात होता. आम्ही कुठलं धरायचं? तुम्हीच निवडा."

वकिलाने मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने पंख्याकडे पाहिलं. बाई न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून फक्त एवढंच विचारलं की अर्ज कचेरीच्या कॉम्प्युटरवर कधी चढला. फायली चाळल्या गेल्या, कुजबुज झाली. सुट्टी संपल्यानंतरच्या मंगळवारी, असं उत्तर आलं. म्हणजे उघडायच्या अकरा दिवस आधीच छाननी झाली होती. मग सरकारी वकील सावकाश खाली बसला, आणि जिस्मीने हळूच आपला हात मागे नेऊन विलासिनीअम्माच्या दिशेने मूठ वळली.

निकाल दोन दिवसांनी आला. स्थानबद्धतेचा हुकूम रद्द. ज्याला खटल्याविना कोंडता, त्याचं म्हणणं वाचायलाही सरकारला सवड नसेल आणि वर वाचल्याचं खोटं सांगत असेल, तर असा हुकूम आम्ही टिकू देणार नाही, असं त्यात होतं. विभागाची चौकशी करा, असंही होतं. आणि शेवटी एक ओळ होती, जी जिस्मीने भरभर वाचली: मूळ गुन्ह्याबद्दल आम्ही काहीही म्हणत नाही; तो खटला आपल्या वाटेने चालेल.

"ते असतंच शेवटी," जिस्मी म्हणाली आणि खालून तिने केक मागवला.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता शिजू तुरुंगाच्या लहान दारातून वाकून बाहेर आला. वाळला होता, दाढी वाढली होती, हातात कपड्यांची प्लास्टिकची पिशवी. विलासिनीअम्माने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग दंडावरून, बाजारात भोपळा चाचपावा तसा. मग तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. समोरच्या टपरीत त्याने केळ्याची चार भजी खाल्ली. मग दोघं बसमध्ये बसली.

त्याच्या खिशात निकालाची प्रत होती. तुरुंगात त्याला मिळाली होती आणि शेजारच्या कोठडीतल्या एका मास्तराने ती सगळी समजावून दिली होती. बस सुटल्यावर त्याने ती काढून मांडीवर उलगडली.

"अम्मा," मग तो म्हणाला, "कुलूप लावलंस ते लावलंस. वर दोनदा ओढूनही पाहिलंस?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? घराचं दार तू चारदा ओढतेस." आणि तो हसला, पहिल्यांदाच. "आत सगळ्यांना सांगितलं मी. आमचा पूर्ण ब्लॉक हसत होता. म्हणे, पोलिसांनी एकदा कोंडलं, आईने दोनदा कुलूप ओढून पाहिलं."

तिलाही हसू फुटलं. बस भाताच्या शेतांमधून चालली होती, खिडकीतून छान वारा येत होता, पोरगा शेजारी होता. हे असंच राहू द्यावं, तिच्या मनात आलं. घरी मासे सांगितलेत, सुरमई मिळाली असेल. आज कशाला. पण उद्याही आपण ‘आज कशाला’च म्हणू, हे तिला कळत होतं. एकतीस वर्षं तिने हेच पाहिलं होतं, उद्यावर टाकलेल्या कागदाचं काय होतं ते.

"शिजू, त्या पार्सलात काय होतं, तुला ठाऊक होतं का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. बसने एक गाव मागे टाकलं, मग दुसरं. पुढच्या सीटवरच्या बाईचं मूल त्यांच्याकडे टकमक बघत होतं. त्याने त्याला एक बोट धरू दिलं.

"पहिल्या खेपेला नव्हतं ठाऊक," तो म्हणाला. "तिसऱ्या खेपेला एक कोपरा फाटला होता. सापडलो ती पाचवी."

विलासिनीअम्माच्या छातीत काहीतरी बसलं, जड, पण ओळखीचं. बहुधा ते तिथे वर्षभर होतं.

"जिस्मी म्हणते खटला कच्चा आहे," तो घाईने म्हणाला. "पंच फुटलेत, सीलमध्ये गडबड आहे. मी गप्प राहिलो तर सुटेन. ती म्हणते, तू फक्त तोंड उघडू नकोस."

"बरोबर म्हणते. वकील आहे ती."

"मग?"

तिने पिशवी मांडीवर सारखी केली. "मी तुझा अर्ज कोंडला, हे मला गप्प राहून लपवता आलं असतं. पाठमोरीच होते फोटोत. पण उभी राहिले, भर कोर्टात, सगळ्या काळ्या कोटांसमोर. पाय लटपटत होते रे. तरी सांगितलं, मी ती."

"अम्मा, मला दहा वर्षांची सजा लागेल."

"मला ठाऊक आहे." तिने पदर डोळ्यांना लावला, पण बोलत राहिली. "एवढं सुटलेलं पोट घेऊन सुगुणनसुद्धा चौकशी लागायच्या आधीच कबूल झाला, म्हणाला मी वाचलं नव्हतं. गिरिजानेही तारीख खोटी भरल्याचं लिहून सही दिली. आता तूच तेवढा उरलास."

शिजूने बोट सोडवून घेतलं. मूल रडायला लागलं, म्हणून त्याने पुन्हा दिलं.

"तुझी वकीलबाई ओरडेल," तो म्हणाला.

"ओरडू दे. तिच्या ऑफिसखाली बेकरी आहे," विलासिनीअम्मा म्हणाली, "आपण आधी तिला केक खाऊ घालू."